नारोबाचं दार

फार वर्षांपूर्वी, मोहवेढ्याच्या नगरपालिकेत पंखे बसले होते पण गावात वीज यायची होती, त्या काळी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात नारोबा तांबट नावाचा ग्रंथपाल होता.

नारोबा प्रेमळ होता असं कोणीही म्हणत नाही. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याच्या हातून तो पुस्तक काढून घेई. पेपरातलं शब्दकोडं कोणी सोडवलं, तर ते खोडून शेजारी बरोबर उत्तर लिही. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला, तर त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

तेव्हा रावसाहेब झुंजारे नगराध्यक्ष होते. गावात मोकाट गुरं फार झाली होती आणि जुना कोंडवाडा पडला होता. वाचनालयाची इमारत दगडी, मजबूत आणि गावाच्या मधोमध. पालिकेने ठराव केला की वाचनालय बंद करावं आणि तिथे गुरं कोंडावीत.

नारोबा पालिकेत गेला. म्हणाला, "रावसाहेब, लोकांनी वाचायचं कुठं?"

"वाचायला येतंय कोण, नारोबा? गुरं निदान येतील तरी."

सभासद हसले. त्यांतले बरेचजण रोज सकाळी वाचनालयातच फुकट पेपर वाचत, पण ते त्या वेळी कोणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडिबा शिपाई कुलूप आणि लाखेची कांडी घेऊन निघाला. हुकूम असा होता की वाचनालयाच्या दाराला कुलूप घालून सील करावे. कोंडिबा तिथे पोचला आणि उभाच राहिला. दार नव्हतं. नुसती चौकट होती, आणि उंबऱ्यावर नारोबा पुस्तक वाचत बसला होता.

"नारोबा, दार कुठंय?"

"हुकमात काय लिहिलंय? दार शोधायचं?"

"नाही. कुलूप लावायचं."

"मग लाव की."

असं म्हणतात की कोंडिबाने कुलूप एकदा हवेत लावूनही पाहिलं.

मग झुंजारे स्वतः आले. चढण चढून दमले होते, म्हणून आतल्या बाकावर टेकले आणि तिथूनच हुकूम सोडू लागले की दार हजर करा. माणसं विहिरीत उतरली, सुताराच्या घरी गेली, देवळाच्या मागे जाऊन आली. दार मिळेना. नारोबाने दोन्ही कवाडं बिजागऱ्यांवरून उतरवून, विटांवर आडवी टाकून त्यांचा बाक केला होता, आणि त्याच बाकावर रावसाहेब बसले होते. असं म्हणतात की हे सगळ्या गावाला दिसत होतं. फक्त त्यांना उठा म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

आता नवं दार करणं आलं. हेडक्लार्क म्हणाला, वाचनालय बंद झालंय, तेव्हा वाचनालयाच्या दुरुस्तीत दार बसत नाही. झुंजारे म्हणाले, मग कोंडवाड्याच्या खर्चातून करा. त्याला जागा ताब्यात हवी. मग घ्या ताबा. सील केल्याशिवाय ताबा नाही. मग करा सील. साहेब, दाराशिवाय सील नाही. झुंजाऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि प्रकरण जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्याला गेलेल्या प्रकरणाचं काय होतं, ते मोहवेढ्याला ठाऊक होतं. वाचनालय उघडंच राहिलं.

पण आता नारोबाला हलता येईना. दार नाही म्हटल्यावर कोणीतरी दारात हवं. शेळ्या भूगोलाच्या पुस्तकांवर टपलेल्या असत, आणि वारा आला की कवितांची पानं आधी उडत. नारोबा उंबऱ्यावर बसला तो बसलाच. जेवण तिथे, झोप तिथे, चिडचिड तिथे. असं म्हणतात की त्याच्या पाठीला हळूहळू लाकडासारखा रंग चढला, आणि थंडीत तो उठू लागला की बिजागरीसारखा कुरकुरे.

असं म्हणतात की एका वर्षी नदीला मोठा पूर आला आणि पाणी वाचनालयाच्या पायरीला लागलं. नारोबाने पुस्तकातून मान वर केली.

"पाय पुसून ये," तो नदीला म्हणाला. "आणि काही नेलंस तर पंधरा दिवसांत परत."

नदी थबकली. त्याच्या हातातलं पुस्तक तेवढं घेऊन मागे फिरली. पंधराव्या दिवशी ते पायरीवर आलं, अगदी कोरडं. फक्त एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. म्हणून नारोबा पुढे कितीतरी दिवस नदीशी बोलला नाही.

पुढे नारोबा त्याच उंबऱ्यावर वारला. सगळं गाव स्मशानाकडे निघालं. अर्ध्या वाटेवर कोणाच्या तरी लक्षात आलं की आता वाचनालयाच्या दारात कोणी नाही. तिरडी थांबली. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघू लागला. शेवटी म्हातारे झालेले झुंजारे वैतागून म्हणाले, "मेल्यावरसुद्धा कामाला लावतो हा माणूस." आणि काठी टेकत परत गेले. उंबऱ्यावर बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना सोडवायला कोणी आलं नाही, कारण दुसरं कोणीतरी गेलं असेल असं प्रत्येकाला वाटलं. वेळ जाईना म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. नंतर सोडवायला माणूस आला, तेव्हा रावसाहेब म्हणाले, "थांब जरा, एवढं प्रकरण होऊ दे."

त्यानंतर कधीतरी जिल्ह्याहून दार मंजूर होऊन बैलगाडीतून आलं. झुंजाऱ्यांनी ते चौकटीला लागू दिलं नाही. म्हणाले, "दार लावलं तर आम्ही बसायचं कुठं?"

मोहवेढ्याच्या वाचनालयाला आजही दार नाही. रोज एका घराची पाळी असते. त्या दिवशी त्या घरातलं कोणीतरी उंबऱ्यावर बसतं, आणि कामाला बोलावलं तर सांगतं, "आज जमायचं नाही, आमचं दार आहे." पाळीवरून भांडणं होतात, पाळी चुकवायला लोकांची पोटं दुखतात, पण उंबरा रिकामा राहिलेला कोणी पाहिलेला नाही. आणि आत येणारा जिल्ह्याचा साहेब असला, तरी दारातलं माणूस पुस्तकातून मान वर करतं आणि त्रासून म्हणतं, "पाय पुसून ये."