रावसाचं रक्त

“चमकली का, सर?”

हर्षला तांडेलने तिसऱ्यांदा विचारलं. प्राध्यापक उपासनी यंत्राच्या पडद्याकडे नुसते बघत राहिले.

हिरवी रेघ पार वर जाऊन टेकली होती.

ती डबी त्यांची होती. डीएनएच्या धाग्यांच्या घड्या घालून केलेली, केसाच्या जाडीत हजार मावतील एवढीशी. जीवघेण्या आजाराचा रेणू तिच्या कुलपात बसला की झाकण उघडायचं आणि आतला हिरवा रंग चमकायचा. बावीस वर्षं ते खपले होते त्यासाठी. उद्या परिषदेत ते जगाला सांगणार होते.

घरी परवाच सांगून झालं होतं. पत्नीच्या, सुमतीबाईंच्या रक्तात डबी चमकली होती. तेव्हापासून बाई कपाटातल्या साड्या एकेक करून वाटून टाकत होत्या.

“कुणाचं रक्त हे?”

“माझं समजा.”

सर तिच्याकडे वळले. सव्वीस वर्षांची पोर. उद्धट, पण हाताची पक्की.

“हर्षला... बाळ, वडिलांना बोलावून घे. आजच डॉक्टरांकडे जाऊ.”

खाली वाकून तिने पिशवीतून एक डबा काढला आणि टेबलावर ठेवला. खोलीभर मासळीचा वास सुटला.

“आईच्या टोपलीतला रावस आहे, सर. सकाळचा. रक्त त्याचंच.”

“माशाला हा आजार होत नाही,” सर म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला त्यांना.

“नाही होत.”

“मग डबी उघडली कशी?”

“उघडली कुठे? तुटली. रक्त धागे कुरतडतं, सर. कुलूप उघडा नाहीतर भिंत पाडा, आतला उजेड बाहेर येणारच.”

“मिठाच्या पाण्यात तर टिकत होती...”

“पाण्यात टिकायची. आजाऱ्याच्या रक्तात चमकायची. निरोगी माणसाच्या रक्तात घालून बघितलीच नाही आपण.”

“कुणीतरी बोलायला हवं होतं.”

“मार्चमध्ये हेच लिहून दिलं होतं मी. तुम्ही त्या ओळीवर काट मारलीत. म्हणालात, तुझ्या वयात मीही फार शंका काढायचो, पुढे अक्कल आली.”

सर मटकन स्टुलावर बसले. काट मारलेली आठवत होती. लाल पेन होतं. त्या दिवशी सगळे हसलेही होते, आणि सर्वांत मोठ्याने ते स्वतः.

“बावीस वर्षं,” ते पुटपुटले. “सगळं पाण्यात...”

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. हर्षला उभीच होती. ना तिने पाणी दिलं, ना पाठीवर हात ठेवला.

ते म्हणाले, “आता मी काय करू? तूच सांग.”

चाळीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांनी कुठल्या विद्यार्थ्याला विचारला नव्हता.

हर्षलाने टेबलावरचा फोन उचलला. त्यांच्या घरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्यासमोर धरला. पलीकडे घंटी वाजत होती.

सरांचा हात पुढे येईना.

“काकूंना कदाचित काहीच झालेलं नाही, सर,” ती म्हणाली. “मग तुम्ही रडताय कुणासाठी?”