पाचबोट्याचा खडक

या खडकापाशी होडी थांबली की वाकून खुशाल बघा, पण पाण्यात बोट घालू नका; चावतो. वीतभर मासा, पाठ पिवळी, अंगावर पाच काळे पट्टे, आणि घडीभर स्वस्थ म्हणून नाही. प्रवाळाने मढलेल्या या एवढ्याशा खडकाभोवती त्याच्या सारख्या घिरट्या. आमच्याकडे त्याला पाचबोट्या म्हणतात आणि कोणी खात नाही.

तो पूर्वीचा झिलू गाबीत, असं सांगतात. बायको गेलेली, मागे सात वर्षांची एक लेक, गोदू. ओहोटीला दोघं या खडकाशी आली होती. गोदू होडीची भेग डांबराने लिंपत होती. तेवढ्यात बाहेर बांगड्यांचा थवा चमकला. झिलूचा जीव थाऱ्यावर राहीना. लेकीला उतरवली तर तेवढीच मासळीला जागा, म्हणून त्याने तिला खडकावर ठेवली.

"बाबा, पाणी चढला तर?"

"चढाचा नाय. अजून दोन घटका आसत. हयसून हलू नको, मी येतंय."

तिने डांबराच्या हाताने त्याची पिवळी बंडी घट्ट धरली. त्याने एकेक बोट सोडवलं आणि निघाला.

तो खोटं बोलला नव्हता. भरती दर तिथीला दोन घटका उशिरा येते; तिची वेळ तिथीवरून काढायची, हे इथल्या कोणालाही येतं. पण त्या पंधरवड्यात एक तिथी दोन दिवस आली होती आणि झिलूने ती दोनदा मोजली. भरती दोन घटका आधीच आली.

त्याने मागे पाहिलं तेव्हा खडक दिसेना. जाळं तिथेच टाकून तो वल्हवत आला आणि बुड्या मारू लागला. तीन दिवस त्याने खडक सोडला नाही. लोक ओढायला आले तर त्यांनाच चावला म्हणे.

"तिका हलू नको म्हणान मीच सांगलंय. ती हयसरच आसतली."

शेवटी त्याने दर्याला विनवलं, लेक देणार नसशील तर राहू दे, पण मला इथून हलवू नकोस. चौथ्या दिवशी लोकांना रिकामी होडी मिळाली. खाली एक पिवळा मासा वेड्यासारखा फिरत होता, अंगावर पाच बोटं उमटलेली.

आजही मादी खडकावर जांभळट अंडी चिकटवून निघून जाते आणि राखायला हा राहतो. दुप्पट मोठ्या माशाच्याही अंगावर धावून जातो. पाच-सहा दिवसांनी अंडी फुटतात, पिल्लं पाण्याच्या ओढीबरोबर दूर जातात. त्यांतल्या एकालाही तो थांब म्हणत नाही.