गोजरामावशीचं विरजण

कोणे एके काळी, राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही इतक्या जुन्या काळी, डोंगरांच्या बेचक्यात एक गाव होतं. गावात दूधदुभतं मुबलक. घाटापलीकडचे लोक शेळ्या पाळत आणि दूध कच्चंच पीत, त्यामुळे दही म्हणजे काय ते या एका गावालाच ठाऊक होतं.

ते दही लागायचं गोजरामावशीच्या विरजणानं. ते तिला सासूकडून मिळालं होतं आणि सासूला तिच्या सासूकडून. विरजणाची गंमत तुम्हाला माहीत आहेच. चमचाभर दिलं तरी आपलं कमी होत नाही, फक्त रोज ताजं दूध घालून ते जगवावं लागतं. मावशी दारी येईल त्याला विरजण देई. वर दूध किती कोमट हवं, भांडं कुठे ठेवायचं, हेही समजावून सांगे. बदल्यात तिनं कधी काही मागितलं नाही.

फुकट मिळतंय म्हटल्यावर लोकांना नखरे सुचू लागले.

"मावशी, काल तुमचं विरजण आंबट निघालं. पाहुण्यांसमोर आमची शोभा झाली," एक बाई फणकाऱ्यानं म्हणाली.

"रात्रभर चुलीजवळ ठेवलंस का गं?"

"ते मला नका विचारू. तुम्ही तुमचं विरजण सुधारा."

मावशीला फार लागलं ते. तरी दुसऱ्या दिवशी तिनं त्याच बाईला चमचा भरून दिला.

पारावर तिच्या विरजणाचे भक्तही बसत. त्यांना दोनच गोष्टी प्रिय होत्या, विरजण आणि भांडण. एक गट म्हणे, याला नुसतं दही म्हणणं पाप आहे, 'विरजण-दही' असंच म्हणा. दुसरा म्हणे, गाडग्यातलं तेवढं खरं, बाकी सगळं भ्रष्ट. शेवटी ते एकमेकांचं तोंड पाहीनासे झाले. यातल्या एकाच्याही घरून मावशीकडे कधी वाटीभर दूध आलं नाही.

मग गावात एक शेठ आला. त्यानं मावशीकडूनच विरजण नेलं, रंगीत मडक्यांत दही लावलं, तोंडावर लाखेची मोहोर ठोकली आणि दुकान थाटलं. "हे दही मी तुम्हाला विकलेलं नाही," तो गिऱ्हाइकांना बजावी. "खायची परवानगी विकली आहे. यातला थेंब दुधात घालायचा नाही, आणि आत काय आहे ते विचारायचं नाही." आत काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. तरी रांगा लागल्या. मोहोर आहे म्हणजे चांगलंच असणार!

शेठचा गडी मात्र रोज सकाळी मावशीच्या मागच्या दारी हजर.

"अरे, तुमच्याकडे हंडे भरलेत दह्याचे. त्यातलंच ठेव की चमचाभर," मावशी एकदा म्हणाली.

"शेठ म्हणतात, फुकट मिळतंय तोवर जपायची कटकट कशाला?"

शेठच कशाला, सगळं गाव तेच म्हणत होतं. घराघरांत भांडं चाटूनपुसून रिकामं होई. मावशी आहे ना!

आणि मावशी तापानं अंथरुणाला खिळली. दूध तापवायला उठण्याचंही त्राण उरलं नाही. तिनं शेजारणीला हाक मारली.

"माझं राहू दे गं. त्या गाडग्यात रोज वाटीभर दूध तेवढं घाल. ते मेलं तर वर जाऊन सासूला काय सांगू?"

"काळजीच करू नका मावशी. अख्खं गाव आहे तुमच्या पाठीशी," शेजारीण म्हणाली आणि जाताना चमचाभर विरजण घेऊन गेली.

तिला वाटलं, समोरची दूध घालेल. समोरचीला वाटलं, पारावरचे बघतील. पारावर तर सभाच भरली. विरजणाचं रक्षण कसं करावं यावर घसा बसेपर्यंत भाषणं झाली. अखेर दोन्ही गटांनी आपापलं नवं विरजण काढायचं ठरवलं. त्यासाठी लागणारा चमचा मावशीकडूनच आणायचा होता. लोक येत राहिले आणि हातानं घेऊन जात राहिले.

ताप उतरला तशी मावशी भिंत धरधरून चुलीपाशी आली. गाडगं जागेवर नव्हतं. ते अंगणात उन्हात पालथं घातलेलं होतं.

"मीच घासलं, राख लावून, कढत पाण्यानं," शेजारीण कौतुकानं म्हणाली. "तळाशी काहीतरी चिकटलं होतं थोडंसं. म्हटलं, आजारी बाई, तेवढीच मदत."

मावशीनं गाडगं उलटून आत बोट फिरवून पाहिलं. ती वाटी घेऊन निघाली. आयुष्यभर जे वाटलं तेच चमचाभर मागत ती दारोदार फिरली. "संपलं हो कालच." "आम्ही तुमच्याकडूनच नेतो ना!" असं ऐकत ऐकत ती शेठच्या दुकानी पोहोचली.

"बरं झालं आलात," शेठ चिडून म्हणाला. "गडी रिकाम्या हातानं परततोय, इकडे हंडे विकून संपले. द्या लवकर."

मावशी त्याच्या पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

पुढे लोकांनी दुधात चिंच घालून पाहिली, लिंबू पिळून पाहिलं. दूध फाटलं, दही लागलं नाही. शेठ रंगीत मडकी बैलगाडीत भरून दुसऱ्या मुलखात निघून गेला. पारावर मात्र दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं. मावशीनं विरजण नीट सांभाळलं नाही, असं ठरलं. मावशी ते ऐकून आत गेली आणि पुन्हा कुणासाठी दार उघडायला आली नाही.

तात्पर्य: सगळ्यांच्या गरजेची वस्तू एकाच माणसाच्या जिवावर सोडली, तर ती सगळ्यांच्याच हातून जाते.