जिचा चेंडू, तिनं आणायचा

“एक शब्द तरी बोलायचा होतात, बाई! रागवायचं होतं. कानाखाली वाजवायची होती. पण बावीस वर्षं… एक शब्द नाही?”

निकमबाई वाकून मैदानावर चुन्याची फक्की मारत होत्या. रेघ पुरी झाल्याशिवाय मान वर करायची त्यांना सवय नव्हती.

संयोगिता बाजूला उभी होती. अंगात निळा ब्लेझर, बगलेत कापडात गुंडाळलेला करंडक. गेल्याच आठवड्यात तिनं शिकवलेल्या पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली होती. पेपरात फोटो आला, पुढाऱ्यांनी हार घातले. आणि ही मात्र पहिली एसटी धरून ह्या तालुक्याच्या गावी, आपल्या जुन्या कॉलेजच्या मातीच्या मैदानावर आली होती. एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ‘शाब्बास’ ऐकायला.

ह्या मैदानावर निकमबाईंनी एकतीस वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवला. नेमणूक ग्रंथालयात कारकून म्हणून. नियमांचं पुस्तक तिथल्याच कपाटात सापडलं, ते वाचून शिकल्या. पहिली रिंग गावच्या लोहाराकडून वाकवून घेतली. मुली हाफ पॅन्ट घालून उड्या मारतात म्हणून गावानं काय कमी तोंड सोडलं? बाई घरोघर गेल्या, चुलीपुढं बसल्या, आयांशी भांडल्या आणि मुली घेऊन आल्या.

तीन वर्षं झाली की मुली जायच्या. कुणी सासरी, कुणी नोकरीवर. बाई तिथंच, रेघा मारत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी सकाळी सहाला हजर.

नियम एकच. जिचा नेम चुकला, चेंडू तिनंच आणायचा. दुसरीनं हात लावायचा नाही. आणि चेंडू बाईंच्या हातात परत येईपर्यंत त्या चुकीबद्दल बाई अवाक्षर काढायच्या नाहीत. लोक ह्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत. म्हणोत बापडे. म्हणणाऱ्यांनी उभ्या जन्मात एक पोरगी घडवली नाही.

एकतीस वर्षांत त्यांचा संघ फायनलला पोचला तो एकदाच, संयोगिताच्या वेळी. सामना परगावी. वेळ संपलेली. संघ एका गुणानं मागं. संयोगिताला दोन फ्री थ्रो.

दोन्ही चुकले.

दुसरा चेंडू रिंगवर आपटून दोरीपलीकडं गेला. संयोगिता पळाली ती उलट दिशेला, फाटकाकडं. न्यायला आलेल्या मामाच्या जीपमध्ये बसली. त्या दिवसानंतर ह्या मैदानावर तिनं आजच पाऊल टाकलं होतं.

“हे बघा तरी.” तिनं कापड सोडलं. करंडक उन्हात लखलखला.

“मोठा आहे. चहा घेतलास का?”

“मी फायनलचं विचारतेय, बाई.”

“ऐकलं मी.”

“मग?”

बाईंनी दुसरी रेघ ओढली. सावकाश.

“तुझ्या कॉलेजात चेंडू कोण आणतं गं?”

“आमच्याकडं तीस चेंडू असतात. एक गेला की दुसरा घ्यायचा. मुलींचा वेळ वाया जात नाही.”

“बरंय. श्रीमंती आहे.”

“टोमणा मारताय.”

“मारतेय की.”

फक्कीचा डबा खाली ठेवून बाईंनी पिशवीतून चेंडू काढला. जुना, साल गेलेला.

“टाक.”

“आत्ता? ह्या कपड्यांत?”

“करंडक ठेव खाली. कुणी नेत नाही.”

संयोगिता रेघेवर उभी राहिली. हजार मुलींना जे सांगितलं ते सगळं तिनं केलं. गुडघे वाकवले, श्वास सोडला, मनगट पुढं झुकवलं…

चेंडू रिंगच्या कडेवर आपटला. उडाला. उतारावरून घरंगळत पार खाली, ओढ्याकाठच्या घाणेरीत घुसला.

पलीकडं सराव करणाऱ्या मुली थांबल्या. एकही हलली नाही.

“दुसरा द्या,” संयोगिता म्हणाली.

बाईंनी पिशवीची गाठ मारली.

“अहो बाई, चाळिशी उलटली माझी. त्या काट्यांत मी जाऊ?”

 बाई चालत रिंगखाली गेल्या आणि तिथं उभ्या राहिल्या. उजवा हात पुढं. तळवा वर.

संयोगिता त्या हाताकडं बघत राहिली.

फायनल बघायला आलेल्या एका मैत्रिणीचं तिला नंतर पत्र आलं होतं. ‘आपली बस सुटायला आली, तरी बाई रिंगखालून हलेनात. हात पुढं करून उभ्या होत्या. काय मागत होत्या कोण जाणे.’ तेव्हा तिनं ते पत्र फाडून टाकलं होतं.

…

तिनं ब्लेझर काढला. करंडकावर टाकला. आणि उतारावरून खाली गेली.

घाणेरीनं दोन्ही हात ओरबाडले. एक बूट चिखलात रुतला, तो तिथंच राहिला. चेंडू सापडायला बराच वेळ लागला.

ती वर आली तेव्हा एक पाय अनवाणी होता. केसांत काटक्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळे नव्हते.

बाईंचा हात तसाच पुढं होता. 

संयोगितानं त्यात चेंडू ठेवला.

बाईंनी तो पदरानं पुसला, छातीशी धरला. मग तिच्या तोंडाकडं बघून हलकेच विचारलं,

“फार लांब गेला होता का गं?”