दोन डावे पंख

निंबोणी गावात, टेकडीच्या अगदी पायथ्याशी, एक इवलंसं घर होतं. दोन खोल्या आणि पुढे पडवी. त्या पडवीतून पूर्वी सकाळी सकाळी करवतीचा आवाज यायचा, कारण तुळजाचे बाबा सुतार होते. आता तो आवाज येत नव्हता. दिवाळीनंतरच्या तापात बाबा गेले, आणि खुंटीला टांगलेली करवत तिथंच राहिली.

तुळजा नऊ वर्षांची होती. तिचा भाऊ नामू पाच वर्षांचा. आई लोकांच्या गोधड्या शिवायची आणि तुळजा तिला सुईत दोरा ओवून द्यायची. दुपारी एकच भाकरी असली, तर तुळजा तिचे तीन तुकडे करायची. मोठा नामूला, मधला आईला आणि उरलेला चतकोर स्वतःला. आई काही बोलायच्या आत ती म्हणायची, "मला भूकच नाही गं."

पण भाकरीचं दुःख त्या घरात लहान होतं. मोठं दुःख वेगळंच होतं. नामूला अजून कुणी खरं सांगितलं नव्हतं.

दारं-खिडक्यांची कामं आटोपली, की बाबा एक निराळंच लाकूड हातात घ्यायचे. बाल्सा त्याचं नाव. दुधासारखं पांढुरकं आणि इतकं हलकं, की नामूनं फुंकर मारली तर त्याची पट्टी तळहातावरून उडून जायची. बाल्साच्या नाजूक पट्ट्या, पातळ प्लायवूडचं अंग आणि वर लालचुटुक पतंगाचा कागद, असं एक विमान बाबांनी करायला घेतलं होतं. अंग झालं, शेपटी झाली, डावा पंख झाला. मग बाबा नामूला म्हणाले, "टेकडीवरची सावर फुलली की उजवा पंख करू. आणि शेवटचं फूल पडायच्या आत टेकडीवरून उडवू. वचन!"

बाबा गेले त्या दिवशी नामूनं विचारलं, "बाबा कुठंयत?" आईच्या तोंडून कसंबसं निघालं, "दुसरा पंख आणायला गेलेत, बाळा."

तेव्हापासून नामू उंबरठ्यावर बसायचा. मुठीत बाबांच्या सदऱ्याचं एक तुटलेलं बटण धरून रस्त्याकडे बघत राहायचा. जेवायला बोलावलं, तर दोन घास खाऊन म्हणायचा, "बाकीचं बाबा आल्यावर." त्याचे गाल आत गेले, हात काडीसारखे झाले.

शेजारच्या गौराकाकू एकदा आईवर रागावल्या. "अगं, सांग की एकदाचं त्या लेकराला!"

"तुम्ही सांगा काकू. माझ्यानं होत नाही."

"सांगते की! त्यात काय!" गौराकाकू पदर खोचून उंबरठ्यापाशी गेल्या. नामूनं मान वर केली. काकूंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग कनवटीचा गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला आणि डोळे पुसत मुकाट्यानं घरी निघून गेल्या.

होता होता माघ सरला आणि टेकडीवरची सावर फुलली. अंगावर एक पान नाही, आणि फांदी न् फांदी लालभडक फुलांनी पेटलेली! पण फुलं जशी आली तशी गळायलाही लागली. थप्प, थप्प. तुळजा रोज काटक्या गोळा करायला जायची आणि झाडावर किती फुलं उरली ते बघायची. बाबांचं वचन त्या झाडावरून एकेक करून खाली पडत होतं.

एका सकाळी गवतावर दवाचे लाख हिरे चमचमत होते. पडलेली फुलं चिरडू नयेत म्हणून तुळजा ती हलकेच बाजूला सारत चालली होती. तेवढ्यात फुलांच्या एका ढिगाखालून घुंगरासारखा आवाज आला.

"जपून गं! पाय देशील माझ्यावर."

ढिगाखाली एक परी बसली होती. तुळजाच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढीच. केस सोनेरी पुंकेसरांसारखे, झगा सावरीच्या पाकळीचा. पाठीला उजवीकडे चंदेरी पंख झुळझुळत होता. डावीकडचा मात्र फाटून लोंबत होता.

"काय झालं गं तुला?" तुळजा गुडघ्यांवर बसली.

"संक्रांतीला पतंगाच्या मांज्यानं कापला. मी या झाडाची परी. शेवटचं फूल पडलं की मला वर, आमच्या घरी जायचं असतं. पण एका पंखावर कशी जाऊ? आणि परीला स्वतःसाठी काही मागता येत नाही."

तुळजानं पानाच्या द्रोणातून तिला पाणी पाजलं आणि ओच्यात बांधलेला भाकरीचा चतकोर तिच्यापुढे धरला. परीनं कणभर खाल्लं. तिच्या डोळ्यांत इवलासा उजेड आला.

"परीला जितके पंख, तितक्या इच्छा ती पुऱ्या करते," ती म्हणाली. "माझा एकच धड आहे, म्हणून तुला एकच. पण नियम ऐक. दव सुकायच्या आत मागायचं. आणि माझ्या पंखांना पेलेल एवढंच मागायचं. जड काही मागितलंस, तर पंख मोडेल."

तुळजानं फार विचार केला नाही. "मला बाल्साचं लाकूड दे. एका पंखापुरतं."

परीनं पंख हलवला. चांदीचा भुगा उडाला आणि तुळजाच्या मांडीवर पांढऱ्याशुभ्र पट्ट्या येऊन पडल्या.

मग तुळजा पडवीत बसली. बाबांनी फळीवर पंखाच्या चित्राचा कागद चिकटवला होता. त्यावर पट्ट्या ठेवायच्या, टाचण्यांनी धरायच्या आणि सांध्यावर डिंकाचा थेंब सोडायचा. थेंब लहानच हवा, नाहीतर पंख जड होतो. हे सगळं तिनं बाबांच्या मांडीशी बसून पाहिलं होतं. चार दिवस ती खपली. वर लाल कागद ताणून बसवला. पंख असा झाला, की खुद्द बाबांनी पाठ थोपटली असती.

पाचव्या दिवशी तिनं तो विमानाला लावून पाहिला.

पंखाची जाड कड मागे गेली होती आणि पातळ कड पुढे आली होती. उलटा करून पाहिला, तर टोक वर उचलायच्या ऐवजी खाली वाकत होतं. चित्र होतं डाव्या पंखाचं. त्याबरहुकूम केलेला पंखही डावाच झाला होता!

नामू उंबरठ्यावरून बघत होता. "ताई, दोन्ही डावे?"

"हो रे."

"मग ते गोल गोल फिरेल. भोवऱ्यासारखं." तो हसला नाही. नुसतं म्हणाला, "राहू दे. बाबा आणतायत ना उजवा."

तुळजा तो पंख छातीशी धरून टेकडीकडे पळत सुटली. झाडावर आता सातच फुलं उरली होती.

"माझी इच्छा वाया गेली गं!" तिनं हुंदके देत सगळं सांगितलं.

परीची मान खाली गेली. "बाळ, एक पंख, एक इच्छा. दुसरी कुठून देऊ? पण हा पंख सोडव. सांधे हळू कापलेस, तर पट्ट्या पुन्हा वापरता येतील."

खरंच होतं ते. तुळजानं कमरेला खोचलेली बाबांची छोटी सुरी बाहेर काढली. पहिल्या सांध्यावर टेकवली. आणि तिचं लक्ष परीच्या पाठीकडे गेलं. फाटलेला पंख डावा होता.

तिनं हातातला पंख परीच्या पाठीशी धरून पाहिला. जणू मापच घेऊन केला होता!

तुळजानं पंख मांडीवर ठेवला. सावरीचं एक फूल पडलं. थप्प. तिला उंबरठ्यावरचा नामू दिसत होता आणि समोर परी दिसत होती. मग तिनं सुरी बाजूला ठेवली.

"पाठ कर," ती म्हणाली. "गुदगुल्या होतील हं. हलायचं नाही."

"अगं, आणि तुझं विमान?"

"तुला घरी जायचंय ना? तुझी आई वाट बघत असेल."

तिनं फाटका पंख अलगद सोडवला आणि त्या जागी, सावरीच्या बुंध्यावरच्या डिंकाच्या इवल्या थेंबांनी, लाल कागदाचा पंख जोडला. डिंक रात्रभर सुकला. दुसऱ्या सकाळी परीनं पंख हलवून पाहिले. एक चंदेरी, एक लालचुटुक. ती वीतभर वर उठली आणि आनंदानं गरकन फिरली.

"तुळजा! आता मला दोन पंख आहेत. म्हणजे तुझी एक इच्छा आहे. लवकर माग, दव सुकतंय!"

'उजवा पंख' म्हणायचं तुळजानं ठरवलं होतं. पण ओठ उघडले आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"माझे बाबा परत येऊ देत."

परीनं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढे केले, एखादी फार मोठी वस्तू उचलावी तसे. तिचे गुडघे वाकले. चंदेरी पंख थरथरला. लाल पंखाची एक काडी करकरली. तरी ती उचलत राहिली.

"नको!" तुळजा ओरडली. "सोड, सोड! पंख मोडेल तुझा!"

परीनं हात सोडले आणि ती गवतावर बसून धापा टाकू लागली. "फार जड आहे गं ते," ती पुटपुटली. "कुणालाच पेलत नाही."

तुळजानं तिला मांडीवर घेतलं. दोघीही रडल्या. दवाचा एकच थेंब आता उरला होता.

"मागं घेतलेली इच्छा संपत नाही," परी म्हणाली. "हलकं काही माग."

तुळजानं डोळे पुसले. "बाबांनी उजव्या पंखाचं काहीतरी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण मला आठवत नाही. तेवढं आठवू दे."

परीनं ते तळहातावर तोलून पाहिलं. "पिसाहून हलकं," ती म्हणाली, आणि तुळजाच्या कपाळाला तिनं बोट लावलं.

आणि तुळजाला बाबा दिसले. पडवीत बसलेले, कानावर पेन्सिल, बोटाला खोबरेल तेल. "तुळू, इकडे बघ," ते हसत म्हणत होते. "चित्र एकाच पंखाचं असतं. दुसरा करताना कागदाला तेल चोळायचं. मग रेघा पलीकडून दिसतात. कागद उलटा घातला की झाला उजवा! विसरायचं नाही हं." त्यांच्या अंगाला भुशाचा वास येत होता. आवाज अगदी कानाशी होता. मग दवाचा थेंब सुकला आणि आवाज थांबला.

तुळजा म्हणाली, "कळलं मला. पण आता लाकूड कुठाय?"

परीनं आपला फाटका पंख तिच्या हातात ठेवला. बघता बघता त्याची चांदी झडली आणि आतून पांढरंशुभ्र लाकूड निघालं, तुळजानं आजवर पाहिलेल्या लाकडांत सगळ्यांत हलकं. "ही इच्छा नाही," परी हसली. "ही भेट आहे. तू तुझा दिलास, मी माझा दिला."

तुळजानं फळीवरचा कागद सोडवून त्याला तेल चोळलं, तो उलटा घातला, आणि उजवा पंख केला. झाडावर एकच फूल उरलं, त्या संध्याकाळी तो विमानाला बसला.

नामू उंबरठ्यावरून उठला. "आले बाबा?"

आईची सुई थांबली. तुळजा त्याच्यासमोर बसली.

"नाही आले, नामू. पंख मी केलाय."

"मग बाबा कुठला आणतायत?"

"ते पंख आणायला गेलेच नव्हते. ते तापात गेले रे. आता ते यायचे नाहीत."

नामूनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली आणि दोन्ही हात पसरले. मग नामू रडला, इतक्या महिन्यांचं सगळं एकदम. आईच्या कुशीत रडता रडताच त्याला झोप लागली.

सकाळी तिघं टेकडीवर गेली. तुळजानं बाबांसारखी दोन बोटं पंखांखाली धरून विमान तोलून पाहिलं. शेपटी खाली झुकली.

"नाक हलकं झालंय," ती म्हणाली. "थोडं वजन हवं. अगदी थोडं."

नामूनं मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर बाबांच्या सदऱ्याचं बटण होतं. "हे चालेल?"

तुळजानं विमानाच्या नाकात बटण बसवलं. पुन्हा दोन बोटांवर धरलं. विमान सरळ राहिलं, जरासुद्धा हललं नाही.

"बाबा पेलले," नामू हळूच म्हणाला.

"एवढेसे पेलतात," तुळजा म्हणाली आणि तिनं विमान वाऱ्यावर सोडलं.

त्याच क्षणी सावरीचं शेवटचं फूल सुटलं, आणि फुलामागून परी निघाली. एक पंख चंदेरी, एक लाल. विमानाच्या शेजारून ती वर वर गेली. ऊन तिच्या पंखांतून झिरपलं आणि सारी टेकडी गुलाबी, सोनेरी, केशरी झाली. तिनं एकदा मागं वळून हात हलवला. मग ती उजेडाचा एक ठिपका झाली, आणि मग नुसताच उजेड उरला.

विमानानं सावरीभोवती एक मोठी गिरकी घेतली आणि ते नामूच्या पायाशी, गवतात अलगद उतरलं. त्यानं वाकून नाकात पाहिलं. बटण जागच्या जागी होतं.

"ताई," तो म्हणाला, "भूक लागली."

घरी एकच भाकरी होती. त्या दिवशी ती नामूनं मोडली. मधला तुकडा त्यानं आईला दिला, लहान स्वतःला ठेवला, आणि मोठा तुळजापुढे सरकवला. तुळजा 'मला भूक नाही' म्हणणार होती, पण नामू तिच्याकडेच बघत होता. म्हणून तिनं तो खाल्ला, अगदी शेवटच्या कणापर्यंत.