दोन मिनिटांचं पोर

निंबोणीच्या बालवाडीत तीस पोरं होती आणि त्यांना भरवायला एकटी हौसाबाई. एक दिवस संस्थेचे नवे साहेब टॅब घेऊन आले आणि उभ्या उभ्याच बोलले, "प्रोग्रॅमनं नियोजन काढलंय. एका पोराला भरवायला दोन मिनिटं, तीस पोरांना तास. तासासाठी दिवसभराची बाई कशाला? उद्यापासून येऊ नका."

हौसाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. वीस वर्षं ती ही पोरं भरवत होती. घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

"जाते, साहेब. तेवढं एक पोर भरवून दाखवा," म्हणत तिनं साहेबांना खाली बसवलं आणि तीन वर्षांच्या गोदीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

साहेबांनी खिचडीचा घास पुढं केला. गोदीनं तोंड मिटलं. मग चिऊचा घास झाला, काऊचा झाला. मधेच शू आली. परत येऊन ती म्हणाली, "आता तू खा." साहेबांनी खाल्लं. वाटी संपायला चाळीस मिनिटं लागली, आणि गोदी त्यांच्या शर्टाचं बटण धरून तिथंच झोपली.

साहेब हळूच म्हणाले, "ही जरा वेगळी आहे हो. अपवाद."

"माझ्याकडं तीसच्या तीस अपवादच येतात, साहेब. तुमचं ते दोन मिनिटांचं पोर वीस वर्षांत एकदाही आलं नाही. कुणाच्या घरी असतं ते सांगा, उद्या घेऊन येते."

साहेब शिकलेले असले तरी माणूस बरा होता. हललं तर गोदी उठेल, म्हणून ते कुजबुजले, "तो टॅब तेवढा बंद करा. आणि उद्या वेळेवर या."