देवाने दिलेली मुदत

नदीला पूर आला आणि आसरडोह गाव बघता बघता पाण्याखाली गेलं. कोरडा राहिला तो फक्त टेकडीवरचा मठ. सगळे तिकडे धावले. पण महंत भैरवपुरी महाराजांनी गळ्यात मठाची कंठी असलेल्यांनाच आत घेतलं आणि दाराला अडसर घातला.

"ज्यांची श्रद्धा नाही ते नरकातच जायचे," ते म्हणाले. "त्यांना वाचवून काय करायचं?"

कंठी होती म्हणून सारजा आत होती. तिचा नवरा तुळाजी देव मानत नसे. तो बाहेर पायऱ्यांवर उभा होता आणि पाणी वर चढत होतं. सारजाने हात जोडून विचारलं, "महाराज, आमच्या मालकांना नरक कधी मिळायचा?"

"मेल्यावर."

"मग देवाने त्यांना आजवर जगू का दिलं?"

"सुधारायला. देव दयाळू आहे. शेवटच्या श्वासापर्यंत माणसाला त्याच्याकडे वळता येतं."

"म्हणजे देव अजून त्यांची वाट बघतोय," सारजा म्हणाली, "आणि तुम्ही दार लावून ती मुदत आजच संपवताय. याला मध्येच कुणी बुडवलं, असं देवाने विचारलं तर मी कुणाचं नाव सांगू?"

महाराजांनी स्वतःच्या हाताने अडसर काढला. तुळाजी आत आला, त्याच्यामागे बाकीचे आले. खालच्या पायरीवर बसलेला म्हातारा गोंदा कुंभार आणि त्याची बायको मात्र आली नाहीत. त्यांना पाण्याने आधीच नेलं होतं.

महाराजांनी पुढे बरीच वर्षं प्रवचनं केली. नरकात कोण जाणार, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.